नुसतं बसायची जागा



आज मी तुम्हाला आमसुलांचा भाव सांगणार नाही, बचत गटाचा हिशोब सांगणार नाही, की पापडाच्या पिठाचं प्रमाणही सांगणार नाही. आज मी बसण्याबद्दल बोलणार आहे. नुसतं बसण्याबद्दल. हसू नका. शेवटी तुम्हाला एक काम सांगणार आहे, तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

आधी एक प्रश्न. गेल्या आठवड्यात तुम्ही घराबाहेर, हातात काही काम नसताना किती वेळ बसलात? एसटीची वाट बघत बसलात ते धरायचं नाही. रेशनच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर बसलात तेही नाही. शेतात भाकरी खायला बांधावर टेकलात तेही नाही. कसलंच निमित्त नसताना, वारा खात, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत किती वेळ बसलात?

हाच प्रश्न मी आमच्या गटाच्या बैठकीत विचारला होता. अकरा जणी होतो. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एक जण म्हणाली, "शिमग्याला पालखी सहाणेवर आली होती, तेव्हा बसले होते." शिमगा होऊन तेव्हा सहा महिने उलटले होते.

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला कुठून ते सांगते. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी दीड महिना दादरला गेले होते. चाळीतली एक खोली, त्यात बाळंतीण, तान्हं बाळ, जावई, सहा वर्षांची थोरली नात आणि मी. आठ दिवसांनी लेकच म्हणाली, "आई, संध्याकाळची हिला घेऊन शिवाजी पार्कात जात जा. हिचेही पाय मोकळे होतील आणि तुझेही."

पहिल्या दिवशी मी गेले ती पिशवी घेऊन. म्हटलं, येताना भाजी आणू. खरं सांगायचं तर नुसतं जायची लाज वाटत होती. पिशवी हातात असली की बाई कामाला निघाली असं दिसतं ना!

ज्यांनी शिवाजी पार्क पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भर वस्तीत सुमारे २८ एकरांचं मैदान आहे. खाली लाल माती, आपल्याकडे असते तशीच. वारा सुटला की तिचा धुरळा आजूबाजूच्या घरांत जातो आणि लोक कुरकुरतात, तेही आपल्यासारखंच. मैदानाच्या भोवती मोठमोठी झाडं, आणि त्या झाडांखालून सगळ्या बाजूंनी फिरलेला एक बसका कट्टा. एक किलोमीटरहून थोडा जास्त लांब. आपल्याकडे आगराला गडगा असतो ना, तेवढ्याच उंचीचा म्हणा, फक्त वरून गुळगुळीत. तिकीट नाही. कुणी विचारत नाही की तुम्ही कोण, कुठल्या, कशाला आलात. जागा दिसली की बसायचं.

संध्याकाळी पाच-साडेपाचला त्या कट्ट्यावर माणसं बसायला लागतात. म्हातारे गडी एका कोपऱ्यात रोज त्याच जागी. कॉलेजची पोरं-पोरी. दोघं नवरा-बायको सत्तरीचे; तिला वाकता येत नव्हतं म्हणून त्यानेच खाली बसून तिच्या बुटाची नाडी बांधली, आणि उठताना तिच्याच हाताचा आधार घेतला. एक मुलगी मांडीवर पुस्तक ठेवून वाचत होती, अगदी आजूबाजूला कुणी नसल्यासारखी. एक बुरख्यातली बाई आपल्या लेकाला चेंडू टाकत होती, आणि लेक बाद झाला तरी बाद मानत नव्हता. मैदानात दहा ठिकाणी क्रिकेट. एकाचा चेंडू दुसऱ्याच्या डावात जातो, कुणी भांडत नाही, चेंडू परत फेकतात.

माझ्या नातीला आवडायचा तो मल्लखांब. पार्कातच समर्थ व्यायाम मंदिर आहे. तिथे लहान लहान मुली वर टांगलेल्या दोरीवर सरसर चढतात, पायाच्या अंगठ्यात दोरी धरतात आणि उंचावर आसनं करतात. याच शिवाजी पार्कात २०१९ साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथे मुलींना शिकवणारे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. मी तोंडात बोट घालून बघायची. माझ्या शेजारी एक नऊवारीतली आजी बसायची, ती म्हणायची, "आमच्या वेळी झाडावर चढलो तर पाठीत धपाटा मिळायचा."

आठवडाभराने पिशवी घरीच राहिली.

आता या पार्काची थोडी गोष्ट सांगते, कारण त्यात आपल्या बायकांचा हात आहे. मुंबई महापालिकेने हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं केलं तेव्हा त्याचं नाव होतं माहीम पार्क. दोन वर्षांनी, १९२७ साली, त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. ते सुचवलं अवंतिकाबाई गोखले यांनी. त्या पालिकेच्या सदस्य होत्या. याच बाईंनी १९१८ साली मराठीत गांधीजींचं चरित्र लिहिलं, आणि त्याला प्रस्तावना होती लोकमान्य टिळकांची. म्हणजे आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांची. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत हिंद महिला समाज सुरू केला. बायकांनी एकत्र बसावं, बोलावं, शिकावं, म्हणून.

आणखी एक गोष्ट. ९ ऑगस्ट १९४२. पहाटेच गांधीजींना अटक झाली. संध्याकाळी शिवाजी पार्कात त्यांची सभा ठरलेली होती. कस्तुरबा म्हणाल्या, मी जाते, मी बोलते. त्या निघाल्या आणि त्यांनाही अटक झाली. मैदानापर्यंत त्या पोचू शकल्या नाहीत. त्या कट्ट्यावर पाय हलवत बसले की मला हे आठवायचं. एका बाईला या मैदानावर येऊ दिलं नाही म्हणून सरकारला पोलीस पाठवावे लागले. आणि मी इथे फुकट शेंगदाणे खात बसले आहे.

पण ज्या बाईमुळे मी आज हे भाषण देते आहे ती कुणी नावाजलेली नाही. रोज साडेपाचच्या सुमाराला ती यायची. चाळिशीची, कमरेला पदर खोचलेला, हातात किल्ल्यांचा जुडगा. माझ्यापासून हातभर अंतरावर बसायची. चपला काढायची, पाय कट्ट्यावर घ्यायची आणि काहीही करायची नाही. फोन नाही, गप्पा नाहीत. दहा-पंधरा मिनिटांनी उठून जायची. चार-पाच दिवसांनी मीच विचारलं, "कुठच्या तुम्ही?" तर म्हणाली, "राजापूरकडची." मग काय, आपलंच माणूस निघालं! ती घरकाम करते. एका घरची भांडी साडेपाचला संपतात, दुसऱ्या घरी पावणेसहाला पोचायचं असतं. मी म्हटलं, "मग थेट तिकडेच का जात नाही? लवकर सुटाल." तर म्हणाली, "काकी, त्या घरी मी त्यांची बाई. माझ्या घरी पोरांची आई, सासूची सून. ही मधली पंधरा मिनिटं मी कुणाची कोण नाही. तेवढी मला लागतात."

मैत्रिणींनो, मी घरी जाऊन रात्री विचार करत पडले. माझ्या दिवसात अशी पंधरा मिनिटं आहेत का? तुमच्या आहेत का?

तुम्ही म्हणाल, घरात बसतोच की, पडवीत बसतो, टीव्हीपुढे बसतो. खरं आहे. पण घरात बसलेल्या बाईला कुणीही हाक मारतं. पाणी दे, चहा ठेव, माझा शर्ट कुठे आहे. आणि टीव्हीतली माणसं आपल्याला बघत नाहीत. कट्ट्यावर आपण चार जणांना बघतो आणि चार जण आपल्याला बघतात. मी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांना ओळखायला लागले होते. एक दिवस त्यांच्यातले एक आले नाहीत तर मलाच चुकल्यासारखं झालं. आणि मला दोन दिवस ताप आला तर ती राजापूरची बाई नातीला विचारत होती, आजी कुठे आहे म्हणून. दीड महिन्याची पाहुणी मी!

मुंबईतल्या तीन अभ्यासक बायकांनी, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी, २०११ साली 'व्हाय लॉइटर?' नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. मुंबईत बायका रस्त्यावर, बागेत, स्टेशनावर कशा वावरतात, याचा त्यांनी अभ्यास केला. त्यांना दिसलं, की पुरुष टपरीपाशी, नाक्यावर सहज रेंगाळतो. बाई मात्र कायम कुठेतरी चालल्यासारखी दिसते. भरभर चालते, हातात पिशवी धरते, कानाला फोन लावते. आपण इथे कामासाठी आलो आहोत हे तिला सतत दाखवावं लागतं. माझ्या पहिल्या दिवशीच्या पिशवीचा अर्थ मला तेव्हा कळला. त्या तिघींचं म्हणणं असं, की बाईला काही कारण नसताना बाहेर थांबता यायला हवं, तोही तिचा हक्क आहे. आणि जिथे चार बायका निवांत बसलेल्या असतात, तिथे पाचवीला भीती कमी वाटते. शिवाजी पार्कात मी हे डोळ्यांनी पाहिलं. रात्री आठलाही बायका बसलेल्या असायच्या, कारण बाकीच्या बायका बसलेल्या असायच्या.

आता बघण्याबद्दल एक सांगते. माणसं बघणं वेगळं आणि माणसांची उणी काढणं वेगळं. अमकीने काय घातलं, तमकी कुणाबरोबर बसली, हे सुरू झालं की तो कट्टा दुसऱ्या बाईसाठी तुरुंग होतो. आपण टक लावून बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि कट्ट्यावर दिसलेलं वाडीत नेऊन पेरायचं नाही. हे तीन नियम मी स्वतःला घालून घेतले होते. पहिला पाळायला सोपा होता. तिसरा कठीण गेला, खोटं कशाला बोलू?

मग मी परत आले. तुतारीने पहाटे निघाले नाही, रात्री निघाले आणि सकाळी वाडीत पोचले. संध्याकाळी साडेपाच वाजले आणि पाय आपोआप हलायला लागले. पण जाणार कुठे?

तुमच्या वाडीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. पिंपळाचा पार आहे, तिथे गडी बसतात. एसटीच्या थांब्यावर शेड आहे, तिथे पोरं बसतात. देवळाच्या सभामंडपात आपण बसतो, पण आरतीला, भजनाला, हळदीकुंकवाला. म्हणजे परत निमित्त लागतंच.

पूर्वी आपली एक जागा होती. विहीर. घागर भरेपर्यंत, कपडे धुऊन होईपर्यंत कोण कुठे दुखतंय, कुणाची गाय व्याली, कुणाच्या घरी काय चाललंय, हे सगळं तिथे कळायचं. पाणी वाहून मान मोडायची, ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. घरात नळ आला ते फार चांगलं झालं. पण नळाबरोबर भेट बंद झाली, ती कुणाच्या लक्षात आली नाही. आमच्या वाडीत एक वहिनी आहेत, घरात एकट्या. मुलगा मुंबईला. गेल्या पावसाळ्यात त्या पडल्या, पाय मुरगळला, आठ दिवस चुलीपर्यंत सरपटत गेल्या. माझं घर त्यांच्यापासून तीन घरं सोडून. मला नवव्या दिवशी कळलं. विहीर चालू असती तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हटलं असतं, "वहिनी आल्या नाहीत गं आज." त्यांच्याकडे बघताना मला मान वर करता येत नव्हती.

म्हणून मी गटात तो प्रश्न विचारला. आणि आम्ही ठरवलं, की आपल्याला बसायला एक कट्टा हवा. कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे आपण बहुतेक वेळा सही करून परत येतो. या वेळी आम्ही नऊ जणी विषय घेऊन गेलो. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो, त्याबद्दलही विचारलं. ग्रामसभेत एक जण म्हणाला, "बायकांना बसायला कट्टा? घरात जागा नाही काय?" सगळे हसले. आमच्यातली सगळ्यात गप्प बाई उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हालाही घरात जागा आहे, मग पार कशाला लागतो?" मग कुणी हसलं नाही.

ठराव लिहून घेतला आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. पण आम्ही थांबलो नाही. शाळेच्या बाजूला पाखाडीलगत एक गडगा ढासळलेला होता. जागेच्या मालकाला विचारलं, तो हो म्हणाला. दोन रविवार खपून चिरे परत लावले, वरचा थर सपाट केला. वीस फुटांचा असेल. समोर मुलं खेळतात, खालून रस्ता दिसतो, संध्याकाळची एसटी दिसते. दर रविवारी पाच ते सहा आम्ही तिथे बसतो. नियम एकच, हातात काम आणायचं नाही. पहिल्या दिवशी एक जण निवडायला तांदूळ घेऊन आली होती. दुसरी कुळीथ घेऊन. परत पाठवलं नाही, पण सूप बाजूला ठेवायला लावलं. पाच मिनिटं दोघींना हात कुठे ठेवावेत ते कळेना.

पाय मुरगळलेल्या वहिनी आता येतात. त्यांना आणायला एक जण जाते. मागच्या महिन्यात पोरांचा चेंडू त्यांच्यापाशी आला तर त्यांनी बसल्या बसल्या असा फेकला की सगळी पोरं ओरडली. लहानपणी आंबे पाडायला दगड मारायची सवय होती म्हणे.

आणखी एक करता येईल. आपण रत्नागिरीला जातो ती बँकेत, तहसीलला, सिव्हिल हॉस्पिटलला. काम झालं की एसटी पकडून परत. मांडवीच्या बंदरावर संध्याकाळी केवढी माणसं बसलेली असतात, भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात केवढी सावली असते! आपल्यातल्या किती जणींनी ते निवांत पाहिलं आहे? आणि थिबा पॉइंट. ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं राज्य इंग्रजांनी १८८५ साली काढून घेतलं आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० साली त्याच्यासाठी टेकडीवर मोठा राजवाडा बांधून झाला. १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षं तो इंग्रजांच्या नजरकैदेत होता. राजवाड्यातून खाडी दिसायची, समुद्र दिसायचा, पण मनाला येईल तिथे जाऊन चारचौघांत बसणं त्याच्या नशिबी नव्हतं. आज त्याच टेकडीवर कुणीही जाऊन सूर्यास्त बघतं. आपणही जाऊ शकतो. आमच्या गटाने ठरवलं आहे, तीन महिन्यांतून एकदा रत्नागिरीचं काम लवकर आटपायचं, एक तास तिथे बसायचं आणि मगच एसटी पकडायची. घरी आधीच सांगून ठेवायचं, की आज उशीर होईल आणि भात तुम्ही लावा.

आता तुमचं काम. पुढच्या बैठकीत मी विचारला तो प्रश्न तुमच्या गटात विचारा. मग वाडीत एक जागा शोधा. वडाखालची, नदीच्या साकवाजवळची, शाळेच्या पायरीवरची, कुठलीही. तीन गोष्टी बघा. जागा सगळ्यांना दिसणारी हवी, म्हणजे भीती वाटणार नाही. तिथून काहीतरी बघण्यासारखं हवं, रस्ता, मैदान, पाणी. आणि म्हातारीलाही चढून जाता येईल अशी हवी. जमीन कुणाची आहे ते आधी विचारा. मग आठवड्यातून एक तास ठरवा आणि बसा. पहिल्या दिवशी दोघीच असाल, चालेल. लोक विचारतील, "काय गं, कशाला बसलात?" कारण शोधू नका. "अशाच बसलोय, या, तुम्हीही बसा," म्हणा.

आणि कुणी एखादी दोन रविवार आली नाही, तर तिसऱ्या रविवारची वाट बघू नका. उठून तिच्या घरी जा.